पाणी टेलपासून

दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याचा कालवा निफाड तालुक्यातल्या ओझरपर्यंत येतो. नकाशावर तो पहिल्यापासून येत होता. १९८० च्या दशकात कालव्याला पाणी सुटायचे, ओझरची शेते कागदोपत्री लाभक्षेत्रात होती, आणि पाणी मात्र वरच्या गावांतच संपायचे. कोणी ठरवून ओझरचे पाणी तोडले होते असे नाही. पाट शेताजवळून वाहतो आहे, पिकाला ताण पडलाय, पुढचे आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याची फेरी, कधी येईल याचा भरवसा नाही, तेव्हा जो तो हाताशी आलेले पाणी घेऊन मोकळा होत होता. दोघांचा हक्क सारखा, दोघांची नावे एकाच खात्याच्या रजिस्टरात. फरक एवढाच की एकाचे शेत गेटपाशी आणि दुसऱ्याचे शेवटी.

समतेबद्दल बोलताना मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते. आपण समता म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर भेद करणारा माणूस येतो. इथे तसा माणूस सापडत नाही, तरी भेद होतो, आणि दरवर्षी त्याच लोकांवर होतो. कायद्यात समान असलेल्यांना प्रत्यक्षात समान ठेवायचे तर रोजची व्यवस्था लागते. माप लागते, क्रम लागतो, राखण लागते, वही लागते. या चारांतले एक जरी निसटले तरी पाणी पुन्हा उताराची आणि दांडग्याची बाजू घेते.

१९९१ च्या सुमारास ओझरला तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या: महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. त्यामागे समाज परिवर्तन केंद्राचे काम होते, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांचे. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या लोकांनी आधी संघटित व्हावे ही गोष्ट साधी वाटते, पण वजन तिच्यातच आहे. हेडच्या, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शेतकऱ्याला संस्था कशाला हवी होती? त्याला पाणी मिळतच होते. पुढे वरच्या भागांतही संस्था होत गेल्या आणि २००३ मध्ये सगळ्या प्रकल्पाची मिळून एक संस्था झाली. वाघाडचे नाव राज्यभर झाले ते मुख्यतः एका नियमामुळे: पाणी टेलपासून हेडकडे द्यायचे.

हा नियम वरवर दयेचा वाटतो. शेवटच्याला आधी द्या, बिचारा नेहमी राहतो, असा. तसे मुळीच नाही.

पाणी हेडकडून दिले की प्रत्येक जण आपले रान भिजवून घरी जातो. खालच्याचे काय झाले याच्याशी त्याचा संबंध उरत नाही. उलट आवर्तनाचे दिवस संपत आले की राहिलेल्यांचा हिशेब बुडतो, कारण कालवा बंद व्हायची तारीख ठरलेली असते. टेलपासून दिले की हे उलटते. आता हेडच्या शेतकऱ्याची पाळी शेवटी आहे. खालच्यांचे भिजणे लवकर आणि नीट उरकावे यात त्याचा स्वतःचा फायदा आहे. मध्ये कोणी रात्री डोंगळे, म्हणजे चोरीचे पाइप, टाकून पाणी ओढले तर नुकसान त्याच्या पाळीचे होते, म्हणून तोच राखण करतो. गेट, चारी (शेतांपर्यंत जाणारा छोटा पाट) आणि पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी ओळख हे सगळे ज्याच्या जवळ असते, त्याचीच ताकद शेवटच्याच्या बाजूने कामाला लागते. माणसे चांगली होतील याची वाट न पाहता त्यांच्या स्वार्थाला अशी दिशा देता येते, हे या नियमाने दाखवले.

यात पाण्याचे गणितही आहे. कोरड्या मातीच्या चारीत पाणी सोडले की पहिले काही तास चारीच पाणी पिते. टेलपासून सुरुवात केली तर ही भिजवण सुरुवातीला एकदाच होते आणि तिचा तोटा सर्वांच्या नावे पडतो. मग एकेक दार वर सरकत जाते, तेव्हा खालच्या चारीत उरलेले पाणी शेवटच्या शेतांनाच मिळते. तोटाही आहे: चारी मध्येच फुटलेली असेल, गवताने तुंबलेली असेल, तर पहिले दोन दिवस वाया जातात आणि दोष पद्धतीला दिला जातो. म्हणून आवर्तनाआधी गाळ काढणे आणि दारे तपासणे हे श्रमदानाचे किंवा वर्गणीचे काम ज्या संस्था टाळतात, तिथे टेल टू हेड एका हंगामात मोडते.

आता माप. एक क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, प्रवाह एक तास चालला तर एका एकरात एक इंच पाणी उभे राहते, म्हणजे चार इंचांच्या पाळीला एकरी चार तास. हा हिशेब पाटावरच्या जाणत्याला तोंडपाठ असतो. त्यावरून शेजपाळीची, म्हणजे शेजारच्या शेतांना ओळीने पाणी देण्याची, यादी लावायची: अमक्याचे दोन एकर, आठ तास, तमक्याचा एक एकर, चार तास. सगळे सारखे दिसते. पण धरा की चारीच्या तोंडाशी एक क्युसेक आहे आणि गळती-मुरतीनंतर शेवटच्या शेतावर सात दशांशच पोहोचते. मग टेलच्या एकराला चार तासांत तीन इंचही मिळत नाही, पावणेतीनच्या आसपास मिळते. पुरे चार इंच हवे असतील तर पावणेसहा तास लागतील. हेडचा शेतकरी म्हणेल, पाणीपट्टी सारखी तर तासही सारखे. टेलचा म्हणेल, पट्टी सारखी तर पाणी सारखे. दोघेही समतेच्या नावानेच बोलत आहेत.

माझ्या मते टेलचा बरोबर आहे, कारण पीक तासांवर वाढत नाही. पण हे पटायचे तर मोजावे लागते. चारीच्या तोंडाशी आणि शेवटी, दोन्हीकडे. त्यासाठी चारीत फ्ल्यूम, म्हणजे प्रवाह मोजायचे अरुंद सांचे, बसवलेले असतात. पुढच्या बाजूला गाळ आणि पाणगवत साचले की पाणी मागे तुंबते, मोजपट्टीवरची उंची वाढते, आणि कमी पाणी जास्त म्हणून नोंदले जाते. मोजपट्टीवरचे आकडे पुसले की मोजणीदाराचा अंदाज सुरू होतो, आणि अंदाज नेहमी ओळखीच्या बाजूला झुकतो. टेलच्या शेतकऱ्याच्या हक्काचे रक्षण अशा वेळी भाषणापेक्षा एक फावडे आणि रंगाचा डबा जास्त करतात.

रात्रीची पाळी हा वेगळाच विषय आहे. यादी ठरावीक दिवसांनी जशीच्या तशी फिरवली तर ज्याची पाळी रात्री दोनला आली त्याची ती कायम रात्री दोनलाच येते. निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे, अंधारात वाफ्याला पाणी फुटते ते दिसत नाही, आणि एकटी बाई शेती पाहत असेल तर तिला मजूर लावावा लागतो. तास समान आणि तरी वाटणी असमान. उपाय सोपा आहे: दर फेरीला यादी बारा तासांनी पुढे सरकवायची. पण हा बदल यादी करणारा आपणहून करत नाही. त्याची स्वतःची पाळी बहुधा दिवसा असते. बैठकीत कोणीतरी तो मागावा लागतो, आणि मागणारी माणसे बैठकीत असावी लागतात.

म्हणजे गोष्ट मतावर येते. वाघाडच्या संस्था सुरुवातीला सहकारी कायद्याखाली नोंदल्या गेल्या. तिथे एका सभासदाला एक मत, मग त्याचे वीस एकर असोत की वीस गुंठे. पाणी मात्र क्षेत्राच्या प्रमाणात मिळते आणि पैसे वापरलेल्या पाण्याच्या घनमापावर भरायचे असतात. मत माणशी, पाणी एकरी, पैसा घनमीटरी. एकाच संस्थेत तीन मापे, आणि तिन्ही न्याय्य असू शकतात. गोंधळ होतो तो एक माप दुसऱ्याच्या जागी वापरले की. 'माझे क्षेत्र जास्त, म्हणून माझ्या शब्दाला वजन जास्त' हे वाक्य अनेक बैठकांत उघड बोलले जात नाही, पण बसण्याच्या जागांवरून दिसते. मत माणशी ठेवण्याचे कारणच ते आहे. पाण्यात ज्याचा वाटा लहान, त्याला निदान नियम ठरवताना लहान करायचे नाही.

२००५ साली महाराष्ट्राने शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करण्याचा कायदा केला, त्यात हा अनुभव उतरलेला दिसतो. संस्थेचे क्षेत्र शीर्ष (हेड), मध्य आणि पुच्छ (टेल) अशा तीन भागांत विभागायचे, प्रत्येक भागातून सारखे संचालक घ्यायचे, अध्यक्षपद दोन-दोन वर्षे या तीन भागांत फिरवायचे. महिलांसाठी जागा आहेत. पाणी घनमापाने ठरलेल्या कोट्याइतके, आणि कोट्यात बसेल ते पीक घेण्याची मोकळीक. भूगोलालाच प्रतिनिधित्व देणारी ही तरतूद मला आपल्या कायद्यांतल्या सर्वांत शहाण्या तरतुदींपैकी एक वाटते. फक्त 'एक माणूस एक मत' एवढेच असते, तर हेड आणि मध्य मिळून टेलला दरवेळी बहुमताने हरवू शकले असते. मतांची समता ठेवूनही शेवटच्याची जागा वेगळी राखावी लागते, हा धडा राज्यघटनेतल्या राखीव जागांचाही आहे.

बाईच्या बाबतीत मात्र कायदा अर्ध्या वाटेवर थांबतो. सभासदत्व जमिनीच्या नोंदीवर. सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे. खुरपणी तिची, रात्रीचे दारे धरणे अनेकदा तिचे, आणि सभेला हक्काने बसता येईल असा कागद नाही. राखीव जागेवर निवडून येते ती बहुधा नावावर जमीन असलेली विधवा, किंवा घरच्यांनी हिशेबाने नाव लावलेली सून. सहहिस्सेदार म्हणून नाव लागले आणि फेरफार मंजूर झाला की चित्र बदलते. ही एक नोंद झाल्याखेरीज महिला संचालकाच्या खुर्चीला फारसा अर्थ येत नाही.

याच जिल्ह्यात वाटणीची याहून जुनी पद्धत आहे, बागलाण-कळवणकडची फड पद्धत. मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर छोटे बंधारे, तिकडे धुळ्यात पांझरेवर. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले, बहुधा चार. एका फडात एका हंगामात एकच पीक, आणि ते फडाफडांतून फिरते. शेतकऱ्याचे तुकडे शक्यतो प्रत्येक फडात असावेत अशी रचना, म्हणजे उसाचा फड कोणा एकाच्या वाट्याला कायमचा जात नाही आणि कमी पाण्याच्या वर्षी कोरडा ठेवलेला फडही सगळ्यांचा मिळून कोरडा राहतो. मालकाने पाण्याला हात लावायचा नाही. भिजवायचे काम पाटकऱ्याचे, पीक राखायचे काम जागल्याचे, त्यांना मोबदला सगळ्यांनी मिळून द्यायचा. पाण्यावरचा हात मालकाचा नसला की भांडणाचे निम्मे कारण संपते. आज जमिनीच्या तुकड्यांना लोक नाक मुरडतात आणि एकत्रीकरणाचे फायदे सांगतात. फडाच्या हिशेबात विखुरलेले तुकडे हाच समतेचा पाया होता. विहिरी झाल्या, पंप आले, ज्याला स्वतःचे पाणी मिळाले त्याला फडाची शिस्त नको झाली, आणि बऱ्याच ठिकाणी ही पद्धत मोडली.

पण फडाचे गोडवे गाताना एक प्रश्न विसरता येत नाही. वाटणी कोणाकोणात? ज्यांची जमीन बंधाऱ्याखाली आहे त्यांच्यात. जागल्या रात्रभर पीक राखायचा, पण पाण्यात त्याचा वाटा नव्हता. वाटेकऱ्यांच्या वर्तुळाच्या आत काटेकोर समता आणि वर्तुळाबाहेरच्याला प्रवेशच नाही, हे आपल्या समाजाला फार सहज जमते. पंगतीत वाढपी शेवटच्या पानापर्यंत सारखे वाढतो, पण पंगतीला कोण बसू शकते हे वाढप्याच्या हातात नसते.

त्या वर्तुळावरच आघात करणारी मोठी आंदोलने पाण्यापाशी आणि देवळापाशी झाली, हा योगायोग नाही. मुंबई विधिमंडळात १९२३ साली बोले यांचा ठराव मंजूर झाला होता: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तळ्यावर मात्र काहीच बदलले नाही, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले. तळ्याबद्दल नंतर कोर्टात गेलेल्या वादाचा निकाल हायकोर्टात लागायला १९३७ उजाडले. ठराव ते ओंजळभर पाणी हे अंतर एवढे.

नाशिकला २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तो उभा केला. मंदिराचे दरवाजे बंद केले गेले, सत्याग्रही दरवाजांसमोर बसले, रामनवमीच्या उत्सवात रथ ओढण्यावरून मारहाण झाली, आणि लढा पुढे काही वर्षे चालला. दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. पंचवटीत सत्याग्रहाचा उल्लेख होतो तेव्हा बहुतेक वेळा त्यागाबद्दल बोलले जाते. मला त्यातली मागणी जास्त महत्त्वाची वाटते: प्रवेश ही कृपा नाही, ती सार्वजनिक जागेवरच्या हक्काची बाब आहे.

ही मागणी घटनेत शब्दशः उतरली. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावे घेतलेली आहेत. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथे कोणाला अडवता येणार नाही. एका देशाच्या मूलभूत कायद्यात विहीर आणि घाट लिहावे लागतात यावरून त्या समाजात काय चालत होते ते कळते. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले की २६ जानेवारीला आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतो आहोत: राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. ही विसंगती लवकरात लवकर दूर केली नाही तर विषमतेने पोळलेले लोक राजकीय लोकशाहीची इमारतच उद्ध्वस्त करतील, असा त्यांचा इशारा होता. गावातल्या पाणीवापर संस्थेची बैठक ही ती विसंगती रोज दिसण्याची जागा आहे. मत सारखे, जमीन विषम, आणि भूमिहीन दाराबाहेर.

भूमिहीनाचे काय करायचे याचे एक उत्तर महाराष्ट्रातच दिले गेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीची मांडणी केली. पाणी जमिनीला न देता माणसांना द्यायचे. माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जाणार नाही. भूमिहीनालाही वाटा. उसाला पाणी नाही. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात हे आज कोणी मान्य करेल असे वाटत नाही, आणि सगळे जसेच्या तसे इथे लागूही पडणार नाही. पण आपल्या जलसंपत्ती नियमन कायद्यात, २००५ च्याच, त्याचा लहानसा अंश आहे: टंचाईच्या वर्षी लाभक्षेत्रातल्या प्रत्येक जमीनधारकाला शक्यतो निदान एक एकर भिजेल इतका कोटा द्यावा. म्हणजे तुटवडा आला की एकरी प्रमाण मागे आणि माणशी किमान पुढे. आवर्तनाच्या बैठकीत ही तरतूद वाचून दाखवायला कोणाचीच हरकत नसावी. मात्र ज्यांची शेततळी प्लास्टिकच्या कागदावर काठोकाठ भरलेली आहेत, त्यांच्या साठ्याचाही हिशेब त्याच बैठकीत मांडला गेला पाहिजे. आवर्तन चालू असताना पाटाचे किंवा पाटाखालच्या विहिरीचे पाणी उपसून तळ्यात टाकणे म्हणजे सामाईक पाणी खाजगी करणे आहे, आणि हे करायला भांडवल लागते, म्हणून ते ठरावीक लोकच करतात.

इथपर्यंत ओझरच्या बाजूने बोलणे सोपे आहे. आता अवघड भाग. वाघाडचा टेल असलेला शेतकरी गोदावरीच्या खोऱ्यात हेडला आहे. टेल पैठणच्या पलीकडे, जायकवाडी धरणाच्या कालव्यांवर, मराठवाड्यात आहे.

त्याच जलसंपत्ती नियमन कायद्याचे कलम सांगते की खोऱ्यातल्या तुटीचा भार सर्वांनी सारखा उचलायचा: ऑक्टोबरअखेर सगळ्या धरणांत, खरिपातला वापर धरून, वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी असावी. या वाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्याचे कोष्टक दिले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, असे त्यात होते. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. आणि दर तुटीच्या वर्षी नाशिकमध्ये मोर्चे निघतात.

नाशिकच्या हरकतींत तथ्य आहे. कोरड्या नदीपात्रातून इतक्या दूर पाणी नेताना बरेच मुरते. वाटेतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या, पाणी अडवणाऱ्या, फळ्या आधी काढल्या नाहीत तर पाणी तिथेच अडते. पात्रावरच्या पंपांची वीज बंद ठेवली तरी सगळी चोरी थांबत नाही. जायकवाडीत सुमारे २६ टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) मृतसाठा, म्हणजे दारांच्या खाली राहणारे पाणी, आहे, त्यातून उपसा होऊ शकतो. खाली उसाला किती पाणी जाते हाही रास्त प्रश्न आहे. पण या यादीकडे नीट पाहिले तर ओळख पटते: वाटेतली गळती, मधल्यांची चोरी, 'त्यांच्या विहिरीत पाणी आहे', 'ते कोणते पीक घेतात'. १९८० च्या दशकात ओझरला पाणी का पोहोचत नाही याची वरच्या गावांकडे हीच कारणे होती. ती तेव्हाही बरीचशी खरी होती, आणि त्यांचा उपाय पाणी न देणे हा नव्हता.

उपाय जिल्ह्याला माहीत आहे. पाणी उन्हाळ्याच्या तोंडाशी न सोडता ऑक्टोबरअखेरीस, पात्र ओले असताना सोडायचे. फळ्या आधी काढायच्या आणि काढल्याची नोंद ठेवायची. गोदावरीवरच्या नांदूरमधमेश्वर बंधाऱ्यावर आणि पैठणला रोज मोजायचे, दोन्हीकडचे शेतकरी प्रतिनिधी समोर उभे असताना, आणि आकडे त्याच दिवशी फळ्यावर लावायचे. मुरलेल्या पाण्याचा तोटा दोन्ही बाजूंच्या खात्यात विभागायचा. खालच्या उसाचा आणि वरच्या शेततळ्यांचा हिशेब एकाच कागदावर आणायचा. आणि निर्णय घेणाऱ्या समितीत शीर्ष, मध्य, पुच्छ अशा तिन्ही भागांचे लोक सारख्या संख्येने बसवायचे, जसे २००५ पासून साध्या चारीवरच्या संस्थेला बंधनकारक आहे. येवल्याचा शेतकरी पालखेड डाव्या कालव्याच्या टेलला राहून हेच मागतो आहे, त्याला नाशिकने ते मागायला शिकवले आहे.